प्रवेश रद्द करण्याची तारीख फीच्या पावतीवर छापा : नाशिकच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य व प्रवेश समित्यांचे सदस्य,
नाशिक शहर व जिल्ह्यातील सर्व महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे आपल्याच महाविद्यालयांत काम करणारे आहोत. कोणी प्रवेशाची खिडकी सांभाळतो, कोणी शिष्यवृत्तीचे टेबल, कोणी परीक्षा विभाग, कोणी पहिल्या वर्षाच्या वर्गावर शिकवतो. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली कितीतरी मुले-मुली सप्टेंबरच्या सुमारास ‘हा कोर्स करू की सोडू’ या पेचात सापडतात. त्यांना निर्णय घेण्यासाठी जी माहिती लागते ती आपल्याकडे असते, पण आपण ती त्यांना देत नाही. मग ती निर्णय घेतच नाहीत. हळूहळू यायची बंद होतात.

हजेरीपटावर अशी मुले ‘सतत गैरहजर’ म्हणून महिनोन्महिने राहतात. परीक्षेचा अर्ज भरलेला नसतो, फोन लागत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये पालक एलसी मागायला आले की कळते, मुलाने कॉलेज केव्हाच सोडले होते. तोवर फी परत मिळण्याची मुदत गेलेली असते, सत्राचे एकही क्रेडिट (उत्तीर्ण विषयाचे श्रेयांक) जमा नसते, शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट लटकलेला असतो. त्या जागेवर येऊ शकला असता असा दुसरा विद्यार्थी नाइलाजाने भलत्याच शाखेत बसलेला असतो. कोर्स सोडणे हा काही वेळा अगदी योग्य निर्णय असतो. न सांगता, कागद न करता सोडणे मात्र प्रत्येक वेळी नुकसानीचेच ठरते, आणि ते नुकसान टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आमची मागणी साधी आहे. प्रवेश रद्द करण्याच्या तारखा, त्या तारखांना किती रुपये परत मिळतात आणि अर्ज कुठे द्यायचा, हे प्रवेशाच्याच दिवशी फीच्या पावतीवर छापून द्या. आणि शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा स्पष्ट विचारा.

पैशाचे आधी सांगतो, कारण घरी पहिला प्रश्न तोच निघतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत फी परतीचे पाच टप्पे ठरवून दिले आहेत. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर केलेली असते तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज आला तर १०० टक्के फी परत. शेवटच्या तारखेच्या आधी, पण १५ दिवसांपेक्षा कमी उरले असताना आला तर ९० टक्के. तारीख उलटल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के, त्यानंतर ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि पुढे शून्य. पहिल्या टप्प्यात प्रक्रियेचा खर्च म्हणून भरलेल्या फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात. अनामत रक्कम या हिशेबात धरायची नाही. ती पूर्ण परत द्यायची. लेखी अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे देणे संस्थेवर बंधनकारक आहे.

समजा फी ८०,००० रुपये आहे. पहिल्या टप्प्यात किमान ७६,००० परत मिळतील, दुसऱ्यात ७२,०००, तिसऱ्यात ६४,०००, चौथ्यात ४०,००० आणि त्यानंतर फक्त अनामत. म्हणजे शेवटच्या तारखेनंतर पंधराव्या दिवशी दिलेला अर्ज आणि सोळाव्या दिवशी दिलेला अर्ज यांत २४,००० रुपयांचा फरक पडतो. ‘सर रजेवर आहेत, सोमवारी या’ असे आपल्या खिडकीवरून सांगितले जाते तेव्हा या आकड्याची जाणीव किती जणांना असते? विद्यार्थ्याला तर नसतेच.

दुसरी नेहमीची गफलत दिवस मोजण्यात होते. मुले आपण फी भरली त्या दिवसापासून पंधरा दिवस मोजतात. मोजायचे असतात ते संस्थेने किंवा विद्यापीठाने जाहीर केलेल्या प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपासून. प्रवेशाला मुदतवाढ मिळाली की ही तारीख पुढे सरकते आणि विद्यार्थ्याला फायद्याचीच ठरते, पण ते त्याला कोणी सांगत नाही. शिवाय आयोग काही वर्षी याहून सवलतीची वेगळी नोटीस काढतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत रद्द केलेल्या प्रवेशांना पूर्ण फी परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उरलेली परत, असे त्याने सांगितले होते. त्यामुळे दर वर्षी प्रवेश सुरू होतानाच त्या वर्षाची नोटीस आहे का हे पाहून पावतीवरच्या तारखा ठरवाव्या लागतील. मागच्या वर्षीचा छापील साचा तसाच पुढे चालवला तर चुकीची तारीख आपल्याच शिक्क्यानिशी विद्यार्थ्याच्या हाती जाईल.

अभियांत्रिकी, फार्मसी यांसारख्या कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, भरल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची पद्धत वेगळी आहे. तिथे विद्यार्थ्याने ही प्रक्रिया राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून रद्द करण्याचा अर्ज भरायचा, त्याची प्रत काढून सही करायची आणि ती संस्थेत द्यायची. सेलने ठरवलेल्या अंतिम तारखेपूर्वी हे झाले तर १,००० रुपये कापून बाकी सगळी फी परत मिळते. ती तारीख उलटली की अनामतीखेरीज काहीच मिळत नाही. मधले टप्पे इथे नाहीत. गोंधळ होतो तो या अर्जाच्या दोन भागांमुळे. काही जण ऑनलाइन अर्ज भरतात आणि प्रत द्यायला येतच नाहीत. काही जण कॉलेजात साधा अर्ज देतात आणि पोर्टलवर काहीच करत नाहीत. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. दुसरीकडची जागा पक्की होण्याआधीच सायबर कॅफेत बसून बटण दाबले जाते. ऑनलाइन रद्द केलेला प्रवेश ‘चुकून झाले’ म्हणून परत मिळत नाही. म्हणून क्रम असा हवा : आधी नव्या ठिकाणचे जागावाटपाचे पत्र किंवा लेखी होकार हाती, मग त्याच दिवशी जुना प्रवेश रद्द, लगेच कागदपत्रे घेऊन नवा प्रवेश.

आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न अभ्यासक्रमांना यातले काहीच जसेच्या तसे लावू नये. तिथे कितव्या फेरीत मिळालेली जागा कोणत्या तारखेला सोडली यावर सगळे ठरते. त्या वर्षाची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय राजीनामा लिहू नका, एवढे त्या विद्यार्थ्यांना बजावून सांगायला हवे.

संस्थांची बाजूही आम्हाला माहीत आहे. अंतिम तारखेनंतर रिकामी झालेली जागा भरता येत नाही आणि विनाअनुदानित तुकडीत ती बहुधा पुढची तीन-चार वर्षे रिकामीच राहते. नियमात तारीख घातली आहे ती याचसाठी. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की विद्यार्थ्याने लवकर सांगितले तर जागा संस्था स्तरावरच्या फेरीत भरली जाऊ शकते. तारीख लपवून ठेवण्यात संस्थेचा फायदा आहे हा समज चुकीचा आहे. लपवलेली तारीख उलटली की एका वर्षाची फी राहते, पण विद्यार्थी जातो आणि जागाही जाते.

आता ज्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही त्या मधल्या काळाबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीचे एक सत्र साधारण २२ क्रेडिटचे आहे. सत्राची परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या विषयांची क्रेडिट विद्यार्थ्याच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन बँकेच्या) खात्यावर जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पूर्ण वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट मिळवून वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या आत परत येऊन सात वर्षांच्या एकूण मुदतीत पदवी पुरी करता येते. म्हणजे सोडायला योग्य अशा तीनच वेळा आहेत. एक, फी परतीची मुदत संपण्यापूर्वी. दोन, पहिल्या सत्राची परीक्षा दिल्यानंतर. तीन, वर्ष पुरे झाल्यावर. ऑक्टोबरच्या अखेरीस सोडणाऱ्याला सहसा फी मिळत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. बहुतेक मुले नेमकी याच वेळी, दिवाळीला घरी गेली की परत येत नाहीत. मुदत उलटून गेलेला विद्यार्थी तुमच्यासमोर आला तर त्याला ‘आता पैसे मिळणार नाहीत’ एवढेच सांगून पाठवू नका. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत परीक्षा आहे, अर्ज भर, जमतील तेवढे विषय काढ, मग सोड, हेही सांगा. उत्तीर्ण केलेला प्रत्येक विषय त्याला पुढे कुठेतरी उपयोगी पडू शकतो. आजारपण, रॅगिंग किंवा जिवावर बेतणारा ताण असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे बाहेर काढणे पहिले.

खाते उघडले आहे एवढ्याने क्रेडिट जमा होत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. आधारवरचे नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि विद्यापीठाच्या नोंदीतले नाव यांत फरक असला की क्रेडिट अडकतात. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, एवढ्यावरून अडकलेली प्रकरणे परीक्षा विभागात नेहमीच येतात. कोर्स सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला ही दुरुस्ती नंतर करून घेणे जवळजवळ अशक्य होते, कारण ती संस्थेमार्फत करावी लागते आणि तो संस्थेचा राहिलेला नसतो. जाण्याआधी हे तपासून द्यायचे काम आपले.

विद्यार्थी ‘कोर्स सोडायचा आहे’ म्हणतो तेव्हा त्याला नक्की काय सोडायचे आहे हे पाहिले पाहिजे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात गणित आणि मेकॅनिक्स यांनी घाबरून गेलेला मुलगा सगळी पदवीच टाकायला निघतो. दोन विषय राहिले तर काय होते, एटीकेटीचा (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जाण्याचा) नियम काय, पुढच्या वर्षात जायला किती विषय किंवा क्रेडिट लागतात, हे त्याला माहीतच नसते. सीनियर मुलांकडून ऐकलेले ‘ईयर डाऊन’ तेवढे डोक्यात असते. त्याला नियमाचा कागद समोर ठेवून समजावले तर पुष्कळदा प्रवेश रद्द करण्याची गरजच उरत नाही. शाखाच नको असेल तर दुसऱ्या वर्षाला रिकाम्या जागांवर शाखा किंवा संस्था बदलण्याची वाट असते, पण ती गुणवत्तेवर चालते आणि त्यासाठी पहिले वर्ष चांगल्या गुणांनी काढावे लागते. कला, वाणिज्य, विज्ञान या शाखांत एखादा खुला वैकल्पिक किंवा गौण विषय बदलून काम भागू शकते. त्याची मुदत फक्त सुरुवातीच्या काही आठवड्यांची असते, म्हणून तीही तारीख पावतीवर हवी.

काहींना कोर्स हवा असतो, पण रोज कॉलेजात येणे परवडत नाही. सातपूर-अंबडला किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालेले असते आणि शिफ्ट सांभाळून वर्ग करता येत नाही. अशांना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. त्याचे मुख्यालयच आपल्या गोवर्धनला आहे, तरी आपल्या खिडकीवरून त्याचे नाव क्वचितच निघते. दूरशिक्षणात प्रवेशासाठी आता क्रेडिट बँकेच्या आयडीबरोबर डीईबी (आयोगाचा दूरशिक्षण विभाग) आयडीही काढावा लागतो आणि प्रवेशाची मुदत ठरलेली असते. ती चालू आहे का हे पाहिल्याशिवाय इथला प्रवेश रद्द केला, तर वर्ष दोन्हीकडून जाते. शिवाय आयोगाच्या एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक पदवी नियमित आणि दुसरी दूरस्थ अशा दोन एकाच वेळी करता येतात. म्हणजे काही मुलांना काहीच सोडायची गरज नसते.

नीट, जेईई किंवा एमएचटी-सीईटी पुन्हा द्यायची म्हणून प्रवेश रद्द करू पाहणारेही दर वर्षी असतात. या परीक्षांना बसण्यासाठी चालू प्रवेश रद्द करावा लागत नाही, हे त्यांना प्रथम सांगावे. खरा प्रश्न वेळेचा असतो : ७५ टक्के हजेरी, प्रात्यक्षिके, सबमिशन आणि त्याबरोबर जानेवारी ते मे या काळात येणाऱ्या प्रवेश परीक्षांची तयारी. दोन्ही होणार नसेल तर मुदतीपूर्वी रद्द करणे बरे. फक्त घरी राहून तयारीचे वर्ष काढणार असेल तर नंतरच्या प्रवेशाला गॅपचे प्रतिज्ञापत्र लागेल आणि शिष्यवृत्तीच्या अटींत खंडाचा नियम असतो, हे त्याने आधीच धरून चालावे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत अभ्यासक्रम चालू असताना दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही.

आता आपल्या कार्यालयात काय बिघडते ते. तोंडी सांगितलेले रद्द होत नाही. ‘मी क्लार्कला सांगितले होते’ याला काहीच आधार नसतो. अर्ज लेखी हवा. त्यात नाव, प्रवेशाचा दिनांक, अभ्यासक्रम, भरलेल्या फीच्या पावतीचा क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि ‘प्रवेश रद्द करून नियमाप्रमाणे फी परत मिळावी’ ही विनंती एवढे पुरे. कारण लिहायची सक्ती नको. अर्ज दोन प्रतींत घ्यावा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घालून ती विद्यार्थ्याला लगेच परत द्यावी. पोच मिळाली की मुदत थांबली, हा नियम आपण सगळ्यांनी पाळायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो पाळला जात नाही. आधी नो ड्यूज आणा, मग अर्ज घेतो, असे सांगतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह, हिशेब विभाग अशा पाच-सहा सह्या गोळा करताना मधे शनिवार-रविवार आणि गणपती-नवरात्राच्या सुट्ट्या येतात, आणि मुदत निघून जाते. अर्जाची तारीख धरा, नो ड्यूज नंतर होऊ द्या. येणे बाकी निघाले तर परत द्यायच्या रकमेतून कापता येते.

पालकाने प्रत्यक्ष येऊन सही केलीच पाहिजे, ही अट आपल्या जिल्ह्यात फार जाचक ठरते. फी परतीच्या तारखा येतात त्याच सुमारास निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची गोडी छाटणी चालू असते, सोयाबीन काढणीला आलेले असते. बाप मजुरांची जुळवाजुळव सोडून कामाच्या दिवशी नाशिकला येऊ शकत नाही. सुरगाणा-पेठकडून एसटीने यायचे तर पूर्ण दिवस मोडतो, आणि आल्यावर ‘आज साहेब नाहीत’ ऐकावे लागते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची सही कायद्याने पुरेशी आहे. वय कमी असेल तर पालकाचे सहीचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या आणि कार्यालयातून फोन करून खात्री करा. पालकाला कळलेच पाहिजे हे आम्हालाही मान्य आहे. त्यासाठी त्याची मजुरी बुडवण्याची गरज नाही.

पैसे परत जाण्यातला एक घोळ तर फी भरण्याच्या दिवशीच सुरू होतो. घाईत शेजाऱ्याच्या, मामाच्या किंवा सायबर कॅफेवाल्याच्या यूपीआयवरून फी भरली जाते. ऑनलाइन भरलेली रक्कम बहुधा ज्या खात्यातून आली तिथेच परत जाते. मग ती वसूल करायला विद्यार्थी हिंडत बसतो. फी शक्यतो स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यातून भरा, हे प्रवेशाच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावा. शैक्षणिक कर्जातून फी आली असेल तर परतीची रक्कम कर्जखात्यात गेली पाहिजे आणि बँकेला रद्द केल्याचे पत्र दिले पाहिजे. नाही दिले तर बँकेच्या लेखी मुलगा शिकतोच आहे, व्याज चालू आहे, आणि पुढच्या सत्राचा हप्ता मागायची वेळ आली की सगळे एकदम उघड होते.

कागदपत्रांबाबत आयोगाची भूमिका स्वच्छ आहे. मूळ गुणपत्रिका, एलसी वगैरे संस्थेने ठेवून घ्यायचे नाही. विद्यार्थ्यासमोर तपासून लगेच परत द्यायचे आणि साक्षांकित प्रती ठेवायच्या. आपल्याकडे एलसी फाइलला लावून ठेवण्याची जुनी सवय आहे. फी परतीवरून वाद झाला की तीच एलसी अडकवून ठेवली जाते. ‘उरलेल्या वर्षांची फी भरा, मग कागद न्या’ असे सांगणाऱ्या संस्थाही आहेत. आयोगाच्या त्याच अधिसूचनेप्रमाणे फी चालू सत्राची किंवा चालू वर्षाचीच घेता येते, त्यामुळे अशा मागणीला आधार नाही. हे आम्ही आपल्याला सांगावे असे नाही. आपल्याला ते माहीत आहे. खिडकीवर बसणाऱ्याला मात्र तशी लेखी सूचना दिलेली नसते.

शिष्यवृत्तीचे टेबल या सगळ्यात विसरले जाते. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरलेला असेल तर प्रवेश रद्द झाल्याची नोंद संस्थेच्या लॉगिनमधून त्याच आठवड्यात व्हायला हवी. नाहीतर न शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर हप्ता येतो, तो परत करावा लागतो, आणि पुढच्या वर्षी नव्या अभ्यासक्रमासाठी अर्ज भरताना जुनी नोंद आडवी येते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत कॅपमधून आलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. केवळ फीच्या धास्तीने सोडायला निघालेली मुलगी या सवलतीत बसते का, हे अर्ज घेण्यापूर्वी पाहायलाच हवे. शासकीय आदिवासी वसतिगृहातल्या मुलांचे आणखी वेगळे आहे. त्यांची वसतिगृहातली जागा आणि भत्ता या प्रवेशावरच अवलंबून असतो. प्रवेश रद्द झाला की राहायचे ठिकाण आणि जेवणाचे पैसे दोन्ही जातात. नवा प्रवेश नाशिकमध्येच घेणार असेल तर वसतिगृहाच्या गृहपालांना आणि प्रकल्प कार्यालयाला आधी कळवून जागा टिकते का हे पाहावे, मग अर्ज द्यावा. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. याबाबतची लेखी कार्यपद्धती महाविद्यालयांनी एकत्रितपणे मागून घ्यावी असे आम्हाला वाटते.

मुदतीच्या तीन आठवडे आधी विचारायचे म्हणजे काय, तेही सांगतो. वर्गशिक्षकाने ज्यांची हजेरी निम्म्याच्या खाली गेली आहे त्यांची यादी काढावी आणि प्रत्येकाशी एकट्याने वीस मिनिटे बोलावे. कुठला विषय अवघड जातो, पैसे कुठून येतात, राहायला कुठे आहे, घरी काय बोलणे झाले आहे, दुसरीकडे जागा हाती आहे का. एवढ्या पाच गोष्टी कळल्या तरी कोणता मार्ग सांगायचा ते ठरते. बोलणाऱ्या शिक्षकावर ‘विद्यार्थी टिकवा’ असे दडपण नसावे. ज्या विभागाची तुकडी धोक्यात आहे त्याच विभागाच्या प्रमुखाला समुपदेशक नेमले तर तो सल्ला मोकळा राहणार नाही. शक्यतो दुसऱ्या विभागातला शिक्षक द्या. मुलगा गप्प असेल, झोप उडालेली असेल, ‘काहीच नको’ म्हणत असेल तर हा प्रश्न कोर्सचा नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासमोर लावून द्या आणि घरच्यांना त्याच दिवशी कळवा. रॅगिंगचा वास आला तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि आपल्या रॅगिंगविरोधी समितीची बैठक दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

फी परतीवरून तक्रार झालीच तर ती आपल्याच घरात मिटावी. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि तिने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. त्यानंतर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे दाद मागता येते. या समितीच्या सदस्यांची नावे आणि अर्ज कुठे द्यायचा हे पहिल्या वर्षाच्या किती विद्यार्थ्यांना माहीत असते, हे आपण आपल्या वर्गात विचारून पाहावे.

पावतीवर छापण्याचा मजकूर फार लांब नको. आम्ही सुचवतो तो असा : ‘या अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची शेवटची तारीख ____. प्रवेश रद्द करायचा असल्यास ____ पर्यंत अर्ज दिल्यास ____ रुपये, ____ पर्यंत दिल्यास ____ रुपये परत मिळतील. ____ नंतर अनामतीखेरीज रक्कम मिळणार नाही. विषय बदलण्याची शेवटची तारीख ____. अर्ज खिडकी क्रमांक ____ वर द्यावा व शिक्क्याची पोच घ्यावी.’ तारखांना मुदतवाढ मिळाली तर तोच मजकूर नव्या तारखांसह विद्यार्थ्याच्या आणि पालकाच्या, दोघांच्याही मोबाइलवर पाठवावा. कॅपच्या अभ्यासक्रमांसाठी ‘प्रथम पोर्टलवर, मग कार्यालयात’ ही ओळ त्यात वाढवावी.

पावतीपुस्तके आणि ऑनलाइन पावतीचे नमुने मे महिन्यात ठरतात. त्याआधी आपल्या प्रवेश समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मजकूर भरून देणे, वर्गशिक्षकांना नियम समजावणे, खिडकीवरच्या सहकाऱ्यांना अर्जाची पद्धत दाखवणे, यांतले जे काम सांगाल ते आम्ही कामाच्या वेळेनंतर थांबून करू.

आपले,
नाशिकच्या महाविद्यालयांतील प्रवेश, शिष्यवृत्ती व परीक्षा विभागांत काम करणारे काही कर्मचारी आणि पहिल्या वर्षाचे काही शिक्षक